नकार ऐकूनही न थांबणारा नायक रंगमंचावर कसा उभा करावा

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या एका गावच्या जत्रेसाठी दोन अंकी नाटक बसतं आहे. नायक उल्हास हा भाटकाराचा, म्हणजे जमीनदाराचा मुलगा. सुनंदा ही त्यांच्याच मुंडकाराची, म्हणजे त्यांच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याची मुलगी. तो पहिल्या अंकापासून तिच्या मागे आहे, ती नको म्हणते, तो थांबत नाही. वाचनाला तरुण पोरं त्याच्या वाक्यांवर शिट्ट्या मारतात, आणि सुनंदा करणाऱ्या ताई म्हणतात की हा माणूस अंगावर येतो. तुम्हाला दोन्ही नको आहे. त्याच्याबद्दल जीव हळहळावा, पण त्याचं बरोबर आहे असं कुणाला वाटू नये. त्यात समितीचा आग्रह की शेवटी तिने हो म्हणावं.

शिट्ट्याही बरोबर आहेत आणि ताईही बरोबर आहेत. दोघांनी एकच संहिता वाचली आणि तिच्यात जे आहे तेच दोघांना दिसलं. उल्हास किती वेळा प्रयत्न करतो हे तुम्ही लिहिलं आहे. प्रत्येक नकार कानावर पडल्यावर तो त्याचं काय करतो, हे लिहिलेलं नाही. असल्या पात्राचा जीव नेमका तिथे असतो. प्रेम सगळ्याच नायकांना असतं. नकाराचा हिशोब हा माणूस मनात कसा मांडतो, त्यावर तो कोण आहे हे ठरतं.

आधी एक सोपं काम करा. संहिता घेऊन सुनंदाच्या प्रत्येक नकाराखाली लाल रेघ मारा आणि त्यानंतरचं उल्हासचं पहिलं वाक्य निळ्या पेनाने चौकटीत घाला. मग फक्त चौकटी ओळीने वाचून काढा. सगळ्या चौकटींत 'एकदा तरी ऐकून घे' हेच वेगवेगळ्या शब्दांत येत असेल, तर तुमच्याकडे हट्ट आहे, पात्र नाही. नकाराचे अर्थ लावायच्या त्याच्याकडे ठरावीक वाटा असतात: ती घरच्यांना भिते, ती माझी परीक्षा बघते, तिने मला अजून ओळखलेलं नाही, किंवा मधे कोणीतरी कान भरतोय. यातली एक निवडा आणि पहिला अंकभर तीच ठेवा. दुसऱ्या अंकात ती ढासळली की दुसरी येऊ द्या. 'तिने मला ओळखलेलं नाही' म्हणणारा उल्हास गोड असतो, कारण दोष तो स्वतःकडे घेतो. तोच जेव्हा 'कोणीतरी कान भरतोय' वर येतो तेव्हा तो धोक्याचा होतो, कारण आता त्याला शत्रू सापडला. भूमिकेचा चढ हाच. नटाला 'इथे जास्त व्याकूळ हो' असं सांगून काही हाती लागत नाही. 'आता तू तिच्या भावावर संशय घेतोस' म्हटलं की त्याला करायला काम मिळतं.

पहिला नकार लवकर आणि स्वच्छ आला पाहिजे. दोन तासांच्या नाटकात पहिल्या पंधरा मिनिटांत. बरेच लेखक तो मोघम ठेवतात, म्हणजे रहस्य राहील अशा समजुतीने. मोघम नकारातून गैरसमजाचं नाटक तयार होतं, आणि ते वेगळ्या जातीचं. इथे प्रेक्षकाला शंका राहता कामा नये. शंका फक्त उल्हासला. आपल्याला दिसतं ते त्याला दिसत नाही, या अंतरातूनच त्याच्याबद्दल वाईट वाटायला लागतं. नकार मोघम असेल तर प्रेक्षक त्याच्याबरोबर आशा करत बसतो, आणि मग शिट्ट्या येणारच.

मग तो टिकून का राहतो? सुनंदा पूर्ण थंड असेल तर दहा वर्षं मागे लागणारा माणूस प्रेक्षकाला खरा वाटत नाही. त्याला अधूनमधून काहीतरी मिळायला हवं. मानसशास्त्रात हे पक्कं ठाऊक आहे की नेमाने मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा कधी मिळणाऱ्या, कधी न मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय सुटायला जास्त जड जाते. आपल्याकडे मटका खेळणाऱ्याला विचारा, एका घराने आकडा हुकला की तो दुसऱ्या दिवशी नक्की येतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोरोथी टेनोव्ह यांनी 1979 मध्ये प्रेमात असं झपाटून जाण्याच्या अवस्थेला लिमरन्स असं नाव दिलं. आशा आणि अनिश्चितता ही त्या अवस्थेची खुराक, हे त्यांचं मुख्य निरीक्षण. तेव्हा संपूर्ण नाटकात असे दोन तुकडे उल्हासच्या पदरात टाका. फार तर तीन. आणि प्रत्येक तुकडा सुनंदाच्या बाजूने निव्वळ शिष्टाचार असला पाहिजे, तोही प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत. देवळात ती पंगतीतल्या सगळ्यांना वाढते, त्यालाही वाढते. तेवढंच. त्या दिवसाचं फूल तो पाकिटात ठेवतो. तिने बाकीच्या नऊ जणांना वाढलेलं प्रेक्षकाने पाहिलेलं असलं की पाकिटातल्या त्या फुलाचं हसूही येतं आणि पोटात कालवतंही.

त्याला देवळात कौल लावायला, म्हणजे देवाला विचारायला पाठवलात तर सोन्याहून पिवळं. मूर्तीला पाकळ्या लावल्या आहेत, भट गाऱ्हाणं घालतो आहे, आणि पाकळी डावीकडची पडते, म्हणजे नकार. उल्हास म्हणतो, प्रश्न नीट मांडला नव्हता. पुन्हा लावा. भट एकदा ऐकतो, दुसऱ्यांदा त्याच्याकडे बघतो. सुनंदा या प्रवेशात नाही, तरी तो नकाराचं काय करतो हे चार मिनिटांत कळतं. देवाचा नकारही त्याला चालत नाही. भटाला विनोदी करू नका, तो त्याचं काम करतो आहे.

भाटकार-मुंडकाराची जोडी तुम्ही घेतली आहे, पण ती नुसती पाटी म्हणून वापरली आहे. तुमचं नाटक 1975 च्या आधीचं असेल तर सुनंदाच्या बापाचं घर उल्हासच्या बापाच्या जमिनीवर उभं आहे, आणि त्याला तिथून उठवणं भाटकाराच्या हातात बरंचसं आहे. मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा 1975 मध्ये आला, आणि त्यातून राहतं घर विकत घ्यायचा हक्कही मिळाला. आधीच्या काळात सुनंदाचं 'बसा हां, पाणी आणते' हे प्रेमाचं लक्षण तर नाहीच, शिष्टाचारही नाही. ती घर सांभाळते आहे. हे उल्हासला कळत नाही, कारण त्याला कधी असलं काही सांभाळावं लागलेलं नाही. हा आंधळेपणा दाखवलात तर त्याला खलनायक करायची गरज उरत नाही आणि निर्दोष ठरवायचीही सोय राहत नाही. तुमच्या नाटकाचं सगळ्यात मोठं भांडवल हे आहे. ते पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात एकदा येतं आणि संपतं. ते शेवटपर्यंत खेळवा.

आता प्रयत्नांची संख्या. तुमच्या संहितेत तो सात वेळा तिच्यासमोर येतो. तीन पुरेत. पहिला थेट तिच्याकडे. दुसरा तिसऱ्या माणसामार्फत: मित्र, मावशी, भजनातली बाई. तिसरा तिच्या भोवतालावर: तिचं ठरत आलेलं लग्न, बापाचं घर. वर्तुळ प्रत्येक वेळी मोठं होतं आणि सुनंदाला उभं राहायला जागा कमी उरते. यापेक्षा जास्त वेळा आलात तर पुनरुक्ती होते. पुनरुक्तीला प्रेक्षक हसतो, आणि पात्र एकदा हसण्यावारी गेलं की दुसऱ्या अंकात परत आणता येत नाही.

प्रत्येक प्रयत्नाची किंमत सुनंदा चुकवते, आणि ती डोळ्यांना दिसली पाहिजे. संवादात 'मला त्रास होतो' म्हटल्याने काही होत नाही. पहिल्या प्रयत्नानंतर ती नेहमीची बस सोडते. दुसऱ्यानंतर भजनाला येणं बंद करते, आणि भजनाच्या प्रवेशात तिची जागा रिकामी ठेवून बाकीच्या बायका गातात. तिसऱ्यानंतर शिवणाचं मशीन घरातून नाहीसं होतं. या तीन गोष्टी आधी असलेल्या दिसल्या तरच गेलेल्या दिसतील, म्हणून मशीन पहिल्या पडद्यापासून रंगमंचावर हवं.

एक प्रवेश जवळून पाहू. सध्या तुमच्याकडे असा आहे:

उल्हास: सुनंदा, थांब. एकदा तरी ऐकून घे.
सुनंदा: मला हे आवडत नाही.
उल्हास: आवडेल. वेळ लागतो.

'आवडेल' वर शिट्टी येते, कारण वाक्य टाळीचं आहे आणि पुढे त्याला कोणी उत्तर देत नाही. आता हाच प्रवेश रायबंदर-चोडण फेरीबोटीवर न्या. दोन बाकडी, एक साखळी आणि विंगेतून इंजिनाचा आवाज, एवढं पुरतं. फेरीवर कोणाला चालतं होता येत नाही, म्हणूनच ती जागा.

सुनंदा कठड्याशी. उल्हास येतो, दोन हात अंतरावर थांबतो. बोलत नाही. ती बाकड्याकडे जाते, तिथे टोपली घेऊन मासेवाली बसली आहे.
सुनंदा: मावशी, इथे बसू?
मासेवाली: बस गे.
(मासेवाली उल्हासकडे बघते.)
उल्हास: आमची ओळख आहे.
सुनंदा: नाही.
(साखळी पडल्याचा आवाज. लोक उतरतात. उल्हासही उतरतो आणि वळून पाहतो. सुनंदा बसूनच आहे.)
मासेवाली: तुझं उतरायचं इथंच ना?
सुनंदा: परत जाते.

उल्हासचं एकच वाक्य उरलं, आणि ते पूर्ण सभ्य आहे. टाळी कुठेच पडत नाही. तिचं पलीकडचं काम बुडालं हे न सांगता कळतं. मासेवाली ही प्रेक्षकांची प्रतिनिधी, तिला यापेक्षा जास्त बोलायला देऊ नका. समजावणारी मावशी केलीत की प्रवेश संपला.

प्रवेश कोणापासून सुरू होतो यावर प्रेक्षकाची बाजू ठरते, आणि हे बहुतेक दिग्दर्शकांच्या हातून निसटतं. रंगमंचावर उल्हास आधीपासून एकटा वाट बघत उभा आहे आणि सुनंदा येते, तर प्रेक्षकाला ओढ दिसते. सुनंदा एकटी कामात आहे आणि उल्हास येतो, तर त्याच संवादांनी धास्ती वाटते. तेच शब्द, तेच नट. म्हणून पहिल्या अंकात त्याच्यापासून सुरुवात करा, दुसऱ्यात तिच्यापासून. प्रेक्षक कधी बाजू बदलतो हे त्याला स्वतःलाही कळणार नाही. फेरीचा प्रवेश मधे कुठेतरी येतो, तिथे मी सुनंदापासूनच सुरू करीन.

स्पर्शाबद्दल तडजोड नको. मनगट धरणं, वाट अडवणं यातलं एक जरी आलं तरी त्यानंतर उल्हासबद्दल हळहळ मागू नका, मिळणार नाही. ते ठेवायचंच असेल तर शेवटच्या वीस मिनिटांत, आणि ते नाटकाची दिशा बदलतं हे मान्य करून. तालमीत ती हालचाल ताईंना आधी सांगून, मोजून बसवा. प्रयोगात नटाने जोश येऊन काही वाढवायचं नाही.

संगीताकडे कुणाचं लक्ष नसतं. उल्हास आला की कीबोर्डवाला सवयीने प्रेमाची धून धरतो, आणि तिथे प्रेक्षकाला परवानगी मिळून जाते. संस्कृत साहित्यशास्त्राने हा मुद्दा फार आधी निकालात काढला आहे. चौदाव्या शतकातला साहित्यदर्पणकार विश्वनाथ सांगतो की रती, म्हणजे प्रेमाची ओढ, दोघांची नसेल, एकाचीच असेल, तर तो शृंगार नव्हे, शृंगाराचा आभास. म्हणून ती धून उल्हास एकटा असतानाच वाजवा, आणि सुनंदा पाऊल टाकते त्या क्षणी मधेच तोडा. सुरावर आणून संपवू नका, तोडाच. शृंगार त्याच्या डोक्यात आहे आणि खोलीत नाही, हे याहून स्वस्तात सांगता येत नाही.

जुन्या नाटकातून शिकायचं तर मृच्छकटिक या संस्कृत नाटकातला खलनायक शकार बघा. पहिल्या अंकात तो काळोखात नायिका वसंतसेनेच्या मागे धावतो, पुराणातल्या जोड्या भलत्याच लावतो, 'स' च्या जागी 'श' बोलतो, आणि लोक पोट धरून हसतात. आठव्या अंकात तोच तिचा गळा दाबतो आणि आळ तिच्या प्रियकरावर, चारुदत्तावर टाकतो. हसू आणि गळा दाबणं एकाच माणसाचं, आणि मधे त्याचा स्वभाव बदललेला नाही. तुमचा उल्हास शकार नव्हे, तरी पहिल्या अंकातल्या प्रत्येक हशाचा जाब दुसऱ्या अंकात द्यावा लागतो, हे घ्यायला हरकत नाही. दुसरी आठवण वाल्मीकींच्या सीतेची. रावणाशी बोलताना ती मधे गवताची काडी ठेवते. नटीच्या हातात एखादी वस्तू द्या, छत्री, सूप, काहीही, जी ती प्रत्येक वेळी मधे आणते. संवादांपेक्षा नकार तिथे जास्त बोलतो. (शूर्पणखेचं उदाहरण कोणीतरी काढीलच. बाई मागे लागली की आपण तिची फजिती करतो आणि पुरुष लागला की त्याच्यावर गाणं लिहितो. त्यावर वेगळं नाटक होईल.)

एक फरक मात्र सांभाळा. 'ती माझ्यावर प्रेम करते, फक्त दाखवत नाही' अशी अढळ खात्री असणं हा वैद्यकीय आजारही असतो. फ्रेंच डॉक्टर क्लेरांबो यांनी 1921 मध्ये त्याचं वर्णन केलं. उल्हासला तिकडे नेलंत तर जबाबदारी आजारावर जाते आणि भाटकारीचा सगळा मुद्दा वाया जातो. तो आशेवर जगणारा शहाणा माणूस आहे, तसाच राहू द्या.

कायद्याचं थोडक्यात. काळ आजचा केलात तर स्पष्ट नकारानंतर वारंवार पाठलाग करणं, संपर्क साधत राहणं, तिच्या फोनवर किंवा नेटवर पाळत ठेवणं हा गुन्हा आहे. 2013 पासून भारतीय दंड संहितेच्या 354 ड कलमाखाली, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 78 व्या कलमाखाली. पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत, पुन्हा ठरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आजच्या काळातल्या सुनंदाला हे माहीत नसणं पटणार नाही. काळ सत्तरच्या दशकाआधीचा असेल तर ती वाट नाही, आणि तिचा बाप देवस्थान चालवणाऱ्या महाजनांकडे जाईल. तिथेही खुर्चीवर भाटकारच.

मित्राचं 'अरे, नाही म्हणजे हो' हे वाक्य कापा. कापवत नसेल तर उल्हासला ते पुढे सुनंदाच्या बापासमोर म्हणायला लावा आणि बापाला काही बोलू देऊ नका. आणि कोकणी फक्त त्या विनोदी मित्राच्या आणि नोकराच्या तोंडी घातली आहे, तेही बदला. सुनंदा घरी आईशी कोकणीतच बोलेल.

तालमींची अडचण तुम्ही लिहिली नाहीत, पण ती असणारच. बऱ्याच गावांत नायिकेच्या कामासाठी बाहेरून कलाकार बोलावतात, आणि ती शेवटच्या चार-पाच तालमींना येते. तोवर तिची वाक्यं प्रॉम्प्टर सपाट आवाजात वाचतो. नायकाचा नट अशा सुनंदासमोर दीड महिना काम करतो जी कधी मागे सरत नाही, नजर चुकवत नाही, चिडत नाही. त्याचा उल्हास आपोआप प्रशस्त, प्रेमळ आणि बेफिकीर होतो, आणि खरी नटी आली की तिला त्यात जागाच नसते. तुमच्या ताईंना तो अंगावर येतो असं वाटण्यामागे हेही कारण असू शकतं. पहिल्या दिवसापासून गावातली एखादी मुलगी सुनंदाच्या जागी उभी करा, हालचालींसकट. नटीचे आईबरोबरचे दोन प्रवेशही याच कारणाने कापले जातात, कारण तालमीला वेळ नसतो. ते कापू नका, लागलं तर उल्हासचा एक प्रवेश कापा. जिच्या घरात आपण कधी गेलो नाही तिची बाजू प्रेक्षक घेत नाही.

शेवटाचं. समितीला होकार हवा, कारण जत्रेला लोकांनी खुशीत घरी जावं असं त्यांना वाटतं. वर सांगितलेलं सगळं केल्यावर होकार दिलात तर तो आनंदाचा राहत नाही, बापाचं घर वाचवायला दिलेला होकार होतो. ती शोकांतिका आहे, आणि ती करायची हिंमत असेल तर जरूर करा, पण मग वर सनई वाजवू नका. माझा कौल उल्हास थांबतो या शेवटाला. त्यात दोन पथ्यं. तिचं लग्न झालं म्हणून तो थांबता कामा नये, कारण मग त्याने नकार ऐकलेलाच नाही, फक्त दुसऱ्या पुरुषाचा हक्क मानला. तो थांबायला हवा ते गेलेलं मशीन, रिकामी जागा असं काहीतरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून. आणि दुसरं: आपल्या बापाने सुनंदाच्या घराला दिलेली धमकी उल्हास मागे घ्यायला लावतो, हे प्रेक्षकाला कळू द्या, सुनंदाला नको. तिने येऊन आभार मानले की ती पुन्हा त्याची देणेकरी झाली, आणि दोन तासांचं काम पाण्यात गेलं. समितीला खुशीचा शेवट हवाच असेल तर सुनंदा परत भजनाला येते, तिथे पडदा पाडा. लोक खुशीत जातील.

आणि प्रयोगाच्या रात्री निवेदक माईकवरून 'एका अमर प्रेमाची कहाणी' म्हणणार. त्याला दोन ओळी लिहून द्या आणि त्याच वाचायला सांगा.